मुखगर्भ

भाद्रपदाच्या वद्य पक्षातले ऊन हे ऊन नसतेच मुळी. ते पितळ असते. घासून फडताळात ठेवलेले, कुणी वापरत नसलेले पितळ. ते भातखाचरांवर पडते आणि पडूनच राहते. पोटरीला आलेली भाते त्याच्याखाली श्वास धरून उभी असतात. ओढ्याकाठचा तेरडा फुलून फुलून दमलेला असतो. डोंगराच्या खांद्यावर ढगांचे ओले, करडे घोंगडे अजून वाळत पडलेले असते.

आणि कौलाकौलावर, कुंपणाकुंपणावर कावळे असतात. वर्षभर हाडहाड ऐकणारे हे काळे पाहुणे या पंधरा दिवसांत मानकरी होतात. मान वाकडी करून ते दारात बघतात. या घरातून कोण गेले, कधी गेले, कुणाला अर्धवट जेवणावरून उठून जावे लागले, हे सगळे त्यांना तोंडपाठ असावे, असे बघतात.

त्या पितळी उन्हाचा एक तिरपा पट्टा गुंजवणी नदीकाठच्या एका घराच्या पुढच्या खोलीत शिरे, आणि शिरताच हिरवा होई. कारण तिथे काच होती. काचेत पाणी होते. पाण्यात शेवाळ होते.

चार फूट काच. तळाशी ओढ्याची वाळू, वाळूवर ओढ्याचे गोटे, गोट्यांवर लोंबते, झुलते, केशसंभारासारखे सुटलेले शेवाळ. त्या हरित काळोखातून दांडवणे झुळझुळत जात. बोटभर, रुपेरी, कुशीवर काजळाची एक रेघ ओढलेली. एकाला वळावेसे वाटले की साऱ्यांनाच वाटे. वाळूत वाळू होऊन मुऱ्या पडून असत. पट्ट्यापट्ट्यांच्या, मिशाळ, आळशी. बाजारातल्या काचपेट्यांत असतात तसे झालरीचे सोनेरी मासे इथे नव्हते, की तोंड उघडून बुडबुडे ओकणारी प्लास्टिकची मगर नव्हती. इथे जे होते ते सारे मागच्या ओढ्यातले, गावचे, साधे, कुणाच्या नजरेत न भरणारे. त्यांना पाळणाऱ्या बाईसारखेच.

कुमुदिनी तिचे नाव. वय बावन्न. नवरा जाऊन सहा वर्षे झालेली. मासे पाळायला तिला कुणी शिकवले नव्हते; जे मेले त्यांनी शिकवले. जो मेला त्याने एकेक धडा मागे ठेवला. नळाचे पाणी रात्रभर शिळे करून मग घालावे. शेवाळ चोळून धुऊ नये. आणि भुकेपेक्षा कमी घालावे. हा शेवटचा धडा तिला फार जड गेला. जिचे उभे आयुष्य माणसांना आग्रह करकरून वाढण्यात गेले, तिला हात आखडायला शिकायचे म्हणजे नव्याने जन्म घ्यायचा.

“माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं,” ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. “बाकी सगळी आपली हौस.”

कुणी विचारी, का हो, नदी दारात असताना जिवांना काचेत का कोंडलंत?

“कोंडलंय कुठं? ही माझी नदीच आहे.”

शब्द असे सहज टाकू नयेत. टाकलेला शब्द पाण्यात पडला तरी विरघळत नाही. तो तळाशी जाऊन बसतो, आणि त्याचे दिवस भरले की वर येतो.

त्या काचेचा धनी होता एक डोकरा.

मरळीच्या कुळातला, पण वीतभरच. मातकट, सर्पमस्तक, स्थिरदृष्टी. अंगाची घोंगडी अगदी साधी, पण परांच्या कडेला निळ्या-नारिंगी इरकली काठाची किनार. ओढ्याकडची माणसे त्याला डोकरा म्हणत. डोकरा म्हणजे म्हातारा. जन्मल्या दिवसापासून म्हातारा. हा मासा पाण्यात राहतो पण पाण्यावर विसंबत नाही. घटकेघटकेला वर येतो, हवेचा एक घोट घेतो, पुन्हा खाली जाऊन गोट्याच्या सावलीत सावली होतो. उडी मारून पळणारी जात, म्हणून काचेवर जेवायचा जुना पाट झाकण घातलेला, आणि पाटावर वरवंटा.

पितृपक्ष लागायच्या आदल्या दिवशी त्याच्या मादीने अंडी घातली. मोहरीएवढी, केशरी, पाण्यावर तरंगणारी. आणि डोकऱ्याने ती एकेक करून तोंडात घेतली.

गिळली नाहीत. धरली.

या माशाचे बाळंतपण हे असे. कूस बाईची नव्हे, तोंड बापाचे. अंडी फुटून, पिल्ले पोहण्याजोगी होईतो तो त्यांना मुखात सांभाळतो. गळ्याखाली एक फुगीर थैली लोंबते, बोलायचा राहून गेलेला शब्द तिथे अडकून बसावा तशी. तो खात नाही. समोरून गांडूळ वळवळत गेले तरी खात नाही. कुमुदला या गोष्टीचे भारी कौतुक. “एक तरी बाप असा निघाला बाई,” ती म्हणे, “ज्याला दहा-बारा दिवस तोंड मिटून बसता येतं!” मादीला तिने अंगणातल्या दगडी डोणीत हलवले, बाप एकटाच बरा.

पण या मुखगर्भाला एक शाप आहे. डोकरा घाबरला तर गिळतो.

दोनदा गिळले होते त्याने. एकदा दारावरून गेलेल्या ताशाच्या कडकडाटाला. एकदा ओट्यावरून पडलेल्या एका कपाला. एक दचका, एक आवंढा, आणि सारी प्रजा ज्या तोंडात जपली त्याच तोंडातून पोटात.

त्या काचेला लागून एक खाट होती, आणि खाटेवर शर्वरी होती.

शर्वरी, कुमुदची सून. कृश, मोठ्या डोळ्यांची, बोलण्यापेक्षा बघणारी. सातवा महिना. आधीची दोन राहिली नव्हती. एक तिसऱ्यात गेले, एक पाचव्यात. आई लहानपणीच वारलेली, तेव्हा बाळंतपणाला माहेर नव्हते, सासूच माहेर. नवरा, निनाद, कामासाठी पुण्याला. शनिवारी येई, रविवारी जाई, आणि सोमवारी त्याचा वास उशीवर राही. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते : टाच टेकायची नाही, दचकायचे नाही, रडायचे नाही. म्हणून कुमुदने तिची खाट माशांपाशी आणली. पोरीला करमावे म्हणून.

आता त्या खोलीत दोन जीव भरल्या अंगाने निजून होते; एक पाण्याबाहेर, एक पाण्यात. दोघांच्या धास्तीने घर चवड्यांवर चालू लागले. कुकर माळ्यावर गेला. भात पातेल्यात शिजू लागला. दाराच्या बिजागऱ्यांना तेल मिळाले. कुमुदने बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. बाहेर कावळे ओरडत, आणि आत ती त्यांना हातानेच, तोंडाने नव्हे, हाकलत फिरे.

पाचव्या दिवशी शर्वरीने विचारले, “आई, गिळणार नाही ना तो?”

“नाही गं. आता समजूत आलीय त्याला. तिसरी खेप आहे.”

‘तिसरी’ हा शब्द बोलून गेल्यावर कुमुदला तो ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी केर काढताना कुमुदला खाटेशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा दिसल्या. सहा.

“या कसल्या गं?”

“त्याच्या उपासाच्या.” मग काचेकडेच बघत, “दोन खेपा त्याच्या गेल्या, दोन माझ्या गेल्या. या खेपेला त्याची तरली तर माझंही तरेल. असं ठरवलंय मी. हसू नका हं, आई.”

कुमुद, जी साऱ्यांना हसे, शकुनांना हसे, ज्योतिषांना हसे, स्वतःच्या पांढऱ्या बटेला हसे, ती हसली नाही. तिच्या हातातला केरसुणीचा बुडखा गार झाला. देवाला बोललेला नवस असतो त्याला निदान दयामाया असते. देव विसरतो, देव उधार ठेवतो, देव नारळावर भागवतो. माशाला बोललेल्या नवसाचे काय करायचे? तिथे मध्ये पुजारीही नाही.

त्या क्षणापासून काचेतला तो मुखबद्ध, व्रतस्थ, अनिमिष डोकरा तिला निराळा दिसू लागला. त्याच्या गळ्याखाली आता फक्त त्याचेच लेकरू नव्हते.

दशमी उजाडली. ती कुमुदच्या नवऱ्याची तिथी; निनादला रजा मिळाली नव्हती.

नणंद मनोरमाबाई सकाळीच आल्या. गावातच राहणाऱ्या, सत्तरीच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, जगाची शुद्धलेखनाची चूक काढायला एक पेन नेहमी ब्लाउजला अडकवलेल्या. त्यांच्या हातात फडक्याखाली झाकलेली एक परात होती, आणि चेहऱ्यावर काहीतरी पक्के ठरवून आल्याची शांती.

स्वयंपाक झाला. पानावर वडे, खीर, भाजी, आमसुलाची चटणी. पान अंगणात खिडकीखालच्या कट्ट्यावर ठेवले, आणि दोघी वाट बघू लागल्या.

कावळा शिवेना.

एक पेरूवर बसला होता. दोन कौलावर होते. एक तर कट्ट्याच्या टोकाशी येऊन उभा राहिला, खिरीकडे बघितले, कुमुदकडे बघितले, आणि उडून गेला. ऊन सरकले. खिरीवर साय धरली. पितळी प्रकाशात ते हिरवे पान एखाद्या न उघडलेल्या पत्रासारखे पडून राहिले.

“काहीतरी राहिलंय त्याच्या मनात,” मनोरमाबाई पुटपुटल्या.

“तुमच्या भावाला खीर कधीच आवडली नाही, वन्सं. भजी ठेवून बघू.”

भजी ठेवली. कावळ्यांनी भज्यांकडेही ढुंकून पाहिले नाही.

“थट्टा नको गं, कुमुद. दोन गेलीत या घरातून. पाटणकर गुरुजींनी पत्रिका बघून सांगितलंय, तुमच्या वंशाला पाण्यातून अडसर आहे म्हणून.”

“वंशाला नळातून अडसर आहे. चार दिवस पाणी नाही आलेलं.”

मनोरमाबाई हसल्या नाहीत. परात त्यांनी मांडीशी ओढून घेतली.

दुपार कलंडली. जेवणाने जड झालेली शर्वरी डाव्या कुशीवर निजली. कुमुद करवंटी घेऊन मागच्या उकिरड्याकडे गेली. डोणीतली मादी भुकेली होती, आणि आज अकरावा दिवस. उद्या-परवा बाप तोंड उघडेल, पिल्ले सोडेल, आणि मग त्याला अकरा दिवसांची भूक एकदम लागेल. तिने ओल्या काळ्या मातीत बोटे घातली. गुलाबी, लवचिक, भूमिगत जीव बोटांभोवती गुंडाळले गेले. पितरांच्या दिवसांत किडे उकरते म्हणून वन्सं बोलणार, असे मनात येऊन ती एकटीच हसली.

ते त्या दिवसातले तिचे शेवटचे हसू.

ती परतली तेव्हा पाट भिंतीला टेकून उभा होता. वरवंटा जमिनीवर होता. मनोरमाबाई काचेसमोर हात जोडून बसल्या होत्या, ओठ हलत होते, आणि मांडीवरची परात रिकामी होती.

“वन्सं, काय केलंत?”

“हळू बोल. सूनबाईंचा डोळा लागलाय.” त्यांच्या मुद्रेवर तेज होते. “झालं एकदाचं. एकशे आठच्या एकशे आठ. चिठ्ठीवर रामनाम, चिठ्ठी कणकेच्या गोळीत, गोळी माशाच्या मुखी. गुरुजींनीच सांगितलेलं. दोन रात्री जागून लिहिलं मी, शाईच्या पेनानं. हळद घातली, साजूक तूप घातलं. आता नदीवर जायचं तर पायऱ्यांवर शेवाळ, आणि माझे गुडघे हे असे. म्हटलं, नदी तर घरातच आहे. तूच म्हणतेस ना, ही माझी नदीच आहे?”

शब्दाचे दिवस भरले होते.

“आणि कशी तुटून पडली लेकरं! तो एक तेवढा हट्टी. नाकासमोर धरली तरी तोंड उघडेना.”

नदीत कणीक पडली तर नदी ती गिळते, पचवते, उरलेली नीरेच्या ओटीत टाकते. काचेला पोट नसते. काचेत जे पडते ते काचेतच कुजते.

पाणी पांढरे झाले होते. पांढरे, मग पिवळसर, मग कोणत्याच रंगाचे नाही असे. वर तुपाचे एक पातळ, सोनेरी, मऊ कातडे पसरले होते. आणि त्या दुग्धमलिन धुक्यातून निळ्या शाईचे धागे सुटत होते. अक्षरे उसवत होती. काना सुटत होता. वेलांटीसारखा वळत वर जात होता. ‘रा’ एका गोट्याला चिकटला होता, ‘म’ दुसऱ्याला. जिथे तिथे नाव होते, आणि जिथे नाव होते तिथे श्वास नव्हता.

दांडवणे वर आली होती. सगळी. एकाला वाटले म्हणून नव्हे; या वेळी एकेकाला वेगवेगळे वाटले होते. तुपाच्या कातड्याला खालून बारीक तोंडे लागली होती, उघडत, मिटत, उघडत, मिटत, जणू तीही तेच नाव जपत होती.

आणि कुमुदला ओरडायची सोय नव्हती.

ओरडली तर डोकरा गिळणार. ओरडली तर पोर दचकून उठणार. आयुष्यातला सर्वात मोठा संताप तिला कुजबुजून करायचा होता.

“वर्तमानपत्र आणा,” ती श्वासानेच बोलली. “पान पाण्यावर अलगद ठेवायचं. तूप चिकटलं की उचलायचं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. पाऊल वाजू द्यायचं नाही.”

“आजचं? त्यात पितरांचा लेख आहे गं. माझं राशिभविष्य…”

“कालचं आणा मग. कालचं भविष्य होऊन गेलं.”

पाणी बदलले नाही तर सगळे जाणार होते. पाणी ढवळले तर एकच जाणार होते. पण त्या एकात सारे होते. तिसरी वाट एवढीच, की पाणी इतके हळू बदलायचे की पाण्यालाही कळू नये. कुमुदने रबरी नळी घेतली, एक टोक गढूळ तळाशी सोडले, आणि दुसरे तोंडात धरून ओढले.

पहिला घोट तिच्या तोंडात आला. कणीक आली, तूप आले, हळद आली, शाई आली, आणि नाव आले.

गिळता येत नव्हते. पचकन थुंकले तर आवाज होणार होता. गाल फुगवून, ओठ मिटून ती तशीच क्षणभर थांबली. आणि काचेच्या पलीकडून, गोट्याच्या सावलीतून, डोकरा तिच्याकडे बघत होता.

बाई आणि मासा. दोघांची तोंडे भरलेली. दोघांची तोंडे मिटलेली. एकाच्या मुखात प्रजा, एकीच्या मुखात गरळ. आणि दोघांनाही ठाऊक, की हे गिळायचे नाही, हे सांडायचे नाही, हे धरून राहायचे आहे. किती वेळ, ते विचारायचे नाही.

मग तिने वाकून तो घोट बादलीच्या कडेने ओघळू दिला. नळीतून पाणी बारीक धारेने चालू झाले. दुसऱ्या बाजूने, चौपदरी फडक्यातून, ओढ्याचे आणून माठात शिळे केलेले पाणी थेंब थेंब आत जाऊ लागले. धार तुटे. ती पुन्हा ओढी. पुन्हा तोंड भरे. मनोरमाबाई कालचे पान पाण्यावर ठेवत, उचलत. पान तुपाने पारदर्शक होई, आणि मागच्या बातम्या पुढे दिसू लागत.

पहिले दांडवण उलटले. पांढरे पोट वर आले. मग तिसरे, मग सातवे. रुपेरी कुशीवरच्या काजळरेघा एकेक करून आडव्या झाल्या. मुऱ्या वाळू सोडून काचेला टेकल्या आणि तशाच टेकून राहिल्या.

“माझ्या हातून?” मनोरमाबाईंचे डोळे भरून आले. “कुमुद, नाव घालत होते गं मी. विष नव्हते घालत.”

“तुमच्या हातून नाही, वन्सं,” कुमुदने ओठ पुसले. ओठ निळे झाले होते. “माझ्या तोंडून.”

तेवढ्यात खाट करकरली.

शर्वरी जागी होती. केव्हापासून, कोण जाणे. तिने उलटलेली दांडवणे बघितली नाहीत, आत्याबाईंचे अश्रू बघितले नाहीत. तिची नजर त्या गढूळातून मार्ग काढत थेट डोकऱ्याच्या गळ्याशी जाऊन थांबली.

“आहेत ना, आई?”

“आहेत.” खरे होते. थैली भरलेली होती.

“मघापासून… पोट कडक होतंय. बारीक कळ येतेय.”

खोलीतला हिरवा प्रकाश एकदम खोल झाला. कुमुदने एक हात नळीवर ठेवला, दुसरा त्या ताणलेल्या पोटावर. हाताखाली ते दगडासारखे झाले. आणि हळूहळू सुटले. मनोरमाबाई पडवीत जाऊन फोन लावून आल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितले : ठेवून दिलेली गोळी द्या, डाव्या कुशीवर निजवा, अगदी शांत ठेवा. तासाभरात कळ थांबली नाही तर तडक घेऊन या. आणि काहीही झाले तरी तिला धक्का बसेल असे काही कानावर घालू नका.

“डोळे मीट,” कुमुद म्हणाली. “मी आहे त्याच्यावर लक्ष ठेवून.”

शर्वरीने डोळे मिटले. विश्वासाने मिटले. तेच कुमुदला सोसवेना.

ऊन उतरले. पितळेचे तांबे झाले, तांब्याचे लोखंड होऊ लागले. बादल्या भरल्या, बादल्या ओतल्या. पाण्याचा पांढरेपणा विरत विरत, सकाळच्या धुक्यातून डोंगर उमटावा तसा काचेतला तळ पुन्हा उमटू लागला. तुपाच्या कातड्याला मध्यभागी एक स्वच्छ, वर्तुळाकार खिडकी पडली. कुमुद श्वास रोखून बघत होती. डोकरा सावलीतून सुटला. संथ, जड, ओटी भरलेल्या बाईसारखा जपून वर आला. त्या खिडकीत त्याने ओठ जरासे विलग केले. हवेचा एक घोट घेतला. आणि एकही मोती न सांडता खाली गेला.

तो वाचला होता. पिल्ले वाचली होती. कुमुदच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि त्या दिवशी प्रथमच तिला ते पुसावेसे वाटले नाही.

आणि त्याच क्षणी कावळा शिवला.

खिडकीखालच्या कट्ट्यावर पंखांचा एक काळा फडफडाट उतरला. एक, मग चार, मग वीस. पान टरकावले, खीर उडाली, कर्कश, कृतार्थ, क्षुधित काव-काव घरभर घुमली. आणि मनोरमाबाई, सकाळपासून याच एका आवाजासाठी कान टाकून बसलेल्या मनोरमाबाई, साऱ्या जन्माचा घसा लावून ओरडल्या,

“शिवला! कुमुद, कावळा शिवला गं!”

डोकरा दचकला.

वीज चमकावी तसा त्याचा देह काचेवर आपटला, वळला, थांबला. आणि कुमुदने बघितले. गळ्याखालची ती थैली एकदा हलली. पुन्हा एकदा. एक आवंढा खाली उतरताना दिसला, अगदी माणसाच्या गळ्यातून उतरतो तसा. मग गळा सपाट झाला. नितळ. काही कधी नव्हतेच असा.

पितर तृप्त झाले होते.

“काय झालं?” शर्वरीचे डोळे उघडले.

“कावळा शिवला, बाळ,” मनोरमाबाई डोळे टिपत हसत होत्या. “आता कसलीही काळजी नाही.”

कुमुद काचेकडे पाठ करून उभी राहिली. पण चार फूट काच एका पाठीने झाकत नाही. तिच्या मागे, सावकाश, अकरा दिवसांच्या उपासाने पोखरलेला डोकरा पुढे आला. वाळूवर एक गोळी उरली होती. फुगलेली, पिवळी, पोटात नाव घेतलेली. त्याने ती हुंगली. तोंड उघडले. खाल्ली.

“आई!” शर्वरी कोपरावर उठली. “आई, तो खातोय!”

कुमुदने मागे वळून बघितले.

“खातोय म्हणजे तोंड मोकळं झालं ना त्याचं? म्हणजे सोडली ना त्यानं? मी झोपले होते तेव्हा सोडली?”

कुमुदच्या तोंडात तीळ भिजत नाही, असे सारे गाव म्हणे. नवऱ्याला त्याचा आजार तिनेच सांगितला होता, सरळ, समोर बसून. खोटे बोलायची तिला सवय नव्हती. जीभ त्या वाटेने कधी गेली नव्हती. जिभेवर अजून शाईची तुरट चव होती. तिने ओठ मिटले. उघडले.

“सोडली,” ती म्हणाली.

“कुठायत?”

“शेवाळात बघ. जेमतेम मोहरीएवढी असतात. एकदम नाही दिसत.”

दिवेलागण झाली. मनोरमाबाईंनी देवापाशी दिवा लावला आणि काचेवरचा दिवा लावला. तिरप्या उजेडात पाणी सोनेरी झाले. आणि त्या सोन्यात, शेवाळाच्या झिपऱ्यांतून, कणकेचे सूक्ष्म, पिवळसर कण तरंगत होते. माठातून पडणाऱ्या थेंबांनी पाणी जरा हलत होते, म्हणून कण हलत होते. वळत होते. जिवंत असल्यासारखे थबकत होते.

शर्वरीने काचेवर बोट टेकले. दुसरा हात पोटावर होता.

“ती बघा, आई. एक.”

“हो,” कुमुद म्हणाली.

“ती दुसरी. त्या गोट्यापाशी.”

“दोन.”

मनोरमाबाई जवळ आल्या. त्यांनी चष्मा सावरला. चाळीस वर्षे पोरांच्या बेरजा तपासलेल्या डोळ्यांनी पाण्यात बघितले. मग सपाट गळ्याच्या, शांत, तृप्त डोकऱ्याकडे बघितले. मग कुमुदच्या निळ्या ओठांकडे. त्यांचे तोंड उघडले. काहीतरी ओठांपर्यंत आले, आणि त्यांनी ते तिथेच धरले.

“तीन,” त्या म्हणाल्या. आवाज फुटला, पण आकडा बरोबर होता.

“चार,” शर्वरी म्हणाली. तिचे पोट हाताखाली सैल पडले होते. कळ थांबली होती, की दबा धरून बसली होती, कोण जाणे. “केवढी चपळ आहेत!”

“पाच.”

“सहा.”

बाहेर अंधार कौलांवर बसला. काचेत कण उतरत होते; अलगद, अटळ, एकामागून एक वाळूकडे उतरत होते. आणि काचेला चेहरे लावून बसलेल्या तीन बाया, एकेका कणाला एकेक आकडा देऊन, त्यांना अजून थोडा वेळ, अजून थोडासाच वेळ, वर धरून ठेवत होत्या.